दुसरी ओळ

त्र्याण्णव साली नाट्यशास्त्राच्या एम.ए.ला दीपमालानं विषय घेतला, मयताला हेल काढून रडणाऱ्या बायकांचा. "नुसतं वाचून संशोधन होत नाही, स्वतः रडून बघा," सरांनी बजावलं. मग तासगावच्या घरी भाकरी थापता थापता आई तिला रडायला शिकवू लागली.

"दुसऱ्या ओळीला दम सोडतीस बग. आन् हसतीस काय, भवाने? फिरून म्हन!"

दीपमालाला पहिला वर्ग मिळाला.

पुढच्या पौषात आईच गेली. सगळ्या बायका दीपमालाकडं बघत राहिल्या. तिनं हेल काढला, तशी गल्ली हमसून रडली. तिचे डोळे मात्र कोरडेच.



दुसऱ्या ओळीला दम सुटला, तशी ती सवयीनं थांबली आणि आईकडं बघू लागली.