मायाताईंची डिस्क

"सोमवारपासून डिस्क बंद, मायाताई," सुमंतनं जाहीर केलं. "नवी इंटरनेट लाइन आली. बेसाच्या या ऑफिसातून सदरला फोटो आता बसल्या जागी जातील."

"अन् मी?" मायाताईंनी विचारलं.

सुमंत खिडकीबाहेर बघू लागला.

ड्रोननं काढलेले जमिनींचे फोटो डबीएवढ्या डिस्कमध्ये भरायचे आणि स्कूटीवरून सदरच्या मुख्य ऑफिसात पोचवायचे, हे मायाताईंचं सहा वर्षांचं काम. त्यावरच त्यांचं घर चालायचं. पुण्याहून आलेल्या सुमंतला इथं जेमतेम महिना झाला होता. नव्या लाइनचं त्याला भारी कौतुक. तिच्या पासवर्डाची चिठ्ठीसुद्धा त्यानं मायाताईंकडूनच भिंतीला चिकटवून घेतली होती.

"सायेब, एक डाव शर्यत लावून पाहू," मायाताई म्हणाल्या. "तुमची लाइन आधी पोचली, तर मी उद्यापासून येत नाही. मी आधी पोचली, तर डिस्क बंद नाही करायची."

सुमंतला हसू आवरेना. फोटो पोचायला कॉम्प्युटर चाळीस मिनिटं सांगत होता. भर दुपारी सीताबर्डीच्या गर्दीतून सदर गाठायला तासभर तर सहज लागतो. त्यानं बटण दाबलं.

मायाताई डिस्क घेऊन खाली उतरल्या आणि थेट लहानूच्या चहाटपरीवर गेल्या. चांगली दहा मिनिटं! सुमंत वरून बघत होता. बाईंनी निघायच्या आधीच हात टेकले म्हणायचे. त्याला वाईटही वाटलं. जरासंच.

सव्वा तासानं सदरच्या ऑफिसातल्या काजलचा फोन आला. डिस्क पोचली होती. "ताईंची बोटं पांढरीफटक झाली आहेत हो," ती हसत म्हणाली. "तुमच्याकडे धूळ फार दिसते." इकडे सुमंतच्या पडद्यावरचा आकडा बत्तीस टक्क्यांवरून हलायला तयार नव्हता.

डोकं धरून तो खाली चहाला गेला. टपरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या कॉलेजातली पोरंपोरी बाकांवर, पायऱ्यांवर, गाड्यांवर माना खाली घालून बसली होती. प्रत्येकाच्या हातात मोबाइल.

"लय उपकार झाले, सायेब!" लहानूनं त्याच्याकडून चहाचे पैसेच घेतले नाहीत. "पोट्टे हालूनच नाही राहिले. रील टाकून राहिले, सिनेमे उतरवून राहिले, अन् चहावर चहा पिऊन राहिले."

सुमंतनं टपरीच्या दरांच्या फळ्याकडे पाहिलं. तर्री पोह्यांच्या खाली, मायाताईंच्या गोल अक्षरात, खडूनं लिहिलं होतं: 'फुकट वायफाय. पासवर्ड सुमंत१२३. सौजन्य: सुमंत सायेब, दुसरा मजला.'