मासा ओळखा

शहाऐंशी साली पक्षाघाताच्या झटक्याने गफूर तांडेलाची वाचा गेली. तीन महिन्यांनी मुंबईचे एक मोठे मेंदूतज्ज्ञ रत्नागिरीत आले, तेव्हा झुबेदा नवऱ्याला धरून घेऊन गेली. त्यांनी दाखला दिला तरच गफूर पुन्हा होडीवर जाणार होता.

डॉक्टरांनी चित्र पुढे धरलं. "हे काय आहे?"

घामाघूम होत गफूरने शब्द ओढून काढला. "बां... बांगडा!"

झुबेदाला रडूच फुटलं.

"चूक," डॉक्टर म्हणाले. "पुस्तकात उत्तर 'मासा' आहे."

"अहो डॉक्टर, बांगडा म्हंजे मासाच ना!"

"बाई, परीक्षा त्यांची चाललीय."



निघताना दाखला मिळाला: 'तीस वर्षं समुद्रावर काढूनही रुग्णाला मासा ओळखता येत नाही. होडीवर पाठवू नये.'