पितळी जिलेबी

लातूरच्या एमआयडीसीत संगणकात भरलेल्या बिंदूंनुसार धातू कापणारं सीएनसी मशीन चालवणाऱ्या मृत्युंजयनं उदगीरच्या रेवणप्पा हलवायांना दुकानाच्या पाटीसाठी पितळी जिलेबी कापून द्यायचं कबूल केलं. त्यांच्या मुलीशी, सृष्टीशी, त्याचं गुपचूप जुळलं होतं. आधी कामानं खूश करावं, मग लग्नाचा विषय काढावा, असा बेत होता. पहिल्या खेपेला वळणांना कोपरे पडले. त्यानं प्रोग्राममधले बिंदू वाढवले, कटर हळू चालवला, तेव्हा कुठं दोन वेढ्यांतलं अंतर केसभरही न चुकलेली जिलेबी निघाली. रेवणप्पांनी ती उलटसुलट पाहिली. “काम लई सफाईचं हाय. पण ही डासांची अगरबत्ती दिसायलीय.” मृत्युंजयचा चेहरा पडला. बिनचूक वेढा मशीनला सांगता येत होता, वाकडा कसा सांगावा ते त्याला सुचेना. शेवटी सृष्टीनं स्वतः तळलेल्या जिलेबीचा फोटो पाठवला, आणि त्याच्यावरून त्यानं एकेक बिंदू मशीनला दिला. नवी जिलेबी मधेच फुगली, एका अंगाला कलली. “हां, आता झाली जिलेबी,” म्हणत रेवणप्पा तिच्यावरून बोट फिरवू लागले आणि टोकाशी थांबले. “शेपूट असं आत फक्त आमची सृष्टी मुडपते. तिच्या हातची जिलेबी तू कवा खाल्लीस?” “खाल्ली न्हाई, काका. नुसता फोटो आला होता,” मृत्युंजय घाईघाईनं बोलून गेला, आणि मग त्याचे कान तापले. रेवणप्पांनी पितळी जिलेबी गल्ल्यावर ठेवली. मग दुकानाच्या मागं हाक मारली, “सृष्टी, गरम जिलेबी आण. ह्यानं अजून चव बघितली न्हाई.”