वर गेलेला हात

स्विस खेड्यात मतदान भरसभेत हात वर करूनच होतं. त्या दिवशी प्रश्न होता, शाळेच्या जेवणातलं मांस बंद करायचं का. गावचा खाटीक उएली मुद्दाम पहिल्या रांगेत जाऊन बसला. आपण समोर असताना हात वर करायची कुणाची छाती होते, बघू! मागे वळून बघायचा धीर मात्र त्यालाच झाला नाही. ठराव मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी दुकानात जो येई तो सॉसेज बांधून घेता घेता हळूच म्हणे, "माझा हात काही वर नव्हता हं, उएली."

दुपारी ओटा पुसताना तो बायकोला म्हणाला, "अख्खं गाव माझ्या बाजूनं होतं म्हणे. मग ठराव काय भुतांनी मंजूर केला, व्हेरेना?"

"माझा हात वर होता," ती म्हणाली.

उएलीच्या हातातलं फडकं थांबलं. "तीस वर्षं याच दुकानावर घर चाललं ना गं आपलं?"

"तीस वर्षं तुझ्या शेजारी झोपतेय मी. झोपेत तू वासरांची माफी मागतोस, उएली. एकेकाचं नाव घेऊन."