हिरवा स्वेटर

ओहायोतल्या त्या गावात शुक्रवारच्या फुटबॉल मॅचआधी कोच हॅनिगन शाळेच्या पोरांना मैदानाच्या मधोमध गुडघ्यांवर बसवून प्रार्थना करून घेत. जीवशास्त्राच्या वेरा लिंडक्विस्ट बाईंनी तक्रार केली, "ही सरकारी शाळा आहे, चर्च नव्हे." अर्ध्या गावानं बाईंशी बोलणं टाकलं. शेवटी तोडगा निघाला, की दर शुक्रवारी वेगळ्या धर्माच्या माणसानं प्रार्थना म्हणायची.

पाद्री झाले, ज्यूंचे रब्बी झाले, इमामही झाले. संघ आपला दर वेळी हरतोच आहे.

"आता माझी पाळी," वेराबाई म्हणाल्या.

"बाई, तुम्ही देवच मानत नाही. मागणार कुणाकडे?" कोचनी टोमणा मारला.

"कुणाकडेच नाही. मिनिटभर गप्प उभी राहीन."

आणि बाई खरंच आपला जुना हिरवा स्वेटर घालून, हाताची घडी घालून मिनिटभर गप्प उभ्या राहिल्या. त्या दिवशी संघ जिंकला. वर्षातला पहिला विजय!

पुढच्या गुरुवारी कोच बाईंच्या दारात हजर. हातात बायकोनं केलेला अ‍ॅपल पाय.

"बाई, उद्याही तुम्हीच यायचं. पाद्रीबाबांनीच निरोप दिलाय."

"अहो, पण मी प्रार्थना केलीच नव्हती!"

 

"तेच तर म्हणतोय! उद्याही अगदी तेवढ्याच मनापासून प्रार्थना न करता उभ्या राहा. आणि बाई... तो स्वेटर धुतला नाहीत ना?"