तिसरं वाक्य

“माझी मुलगी बुजरी...” म्हणून आप्पा अडले. ओठ हलत राहिले. पुढचा शब्द येईना.

“आहे,” शेजारी बसलेली मुलगी म्हणाली.

थेरपिस्टबाईंनी पेन खाली ठेवलं. “ताई, परत तेच! वाक्य त्यांनी करायचंय. तुम्ही पुरं केलंत की मला फुली मारावी लागते.”

“चुकलं. तोंडातून निघून गेलं.”

आप्पांना अर्धांगाचा झटका येऊन आठ महिने झाले होते. आज शेवटची चाचणी. तीन चिठ्ठ्या उचलायच्या; प्रत्येकीवरच्या शब्दाचं एक, अशी तीन पूर्ण वाक्यं झाली तरच उपचार पुढे चालणार; नाहीतर ही वेळ दुसऱ्या रुग्णाला. ‘पाणी’ जमलं होतं, ‘खिडकी’ रडतखडत जमली होती. तिसऱ्या चिठ्ठीवर ‘बुजरा’ निघालं, तेव्हा मुलीला हायसं वाटलं. हे वाक्य तर आप्पांच्या जिभेवरच बसलेलं.

शाळेत, दवाखान्यात, पाहुण्यांसमोर, तिने तोंड उघडायच्या आत ते म्हणत, “आमची जरा बुजरी आहे हो,” आणि तिचं उत्तर स्वतःच देऊन टाकत. बसडेपोत तीस वर्षं माइकवरून गाड्या पुकारलेला माणूस. शिक्षिकेच्या नोकरीच्या मुलाखतीलाही ते तिच्याबरोबर आत शिरले. प्रश्न तिला, उत्तरं त्यांची. ती नोकरी हुकली. मग त्यांनी तिला डेपोच्या पार्सलखोलीत चिकटवून दिलं. बावीस वर्षं ती खोक्यांवर पत्ते लावत होती. खोकी काही विचारत नाहीत. तिला त्याचं वाईटही वाटलं नव्हतं. आपण अशाच, हे तिने कधीच मान्य करून टाकलं होतं.

“हं, आप्पा, पुन्हा,” बाई म्हणाल्या. “सावकाश. गाडी सुटत नाहीये.”

आप्पा हसले नाहीत. डाव्या हाताने त्यांनी टेबलाची कड धरली.

“माझी मुलगी बुजरी...”

मुलीने ओठ घट्ट मिटले. एवढासा शब्द, आप्पा. म्हणून टाका. त्यांच्या कपाळावर घाम आला.

“...नव्हती.”

“झालं!” बाईंनी टाळी वाजवली. “तिन्ही पूर्ण! सोमवारपासून आपण...”

आप्पांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

“मी... बोलू... दिलं नाही.”

एवढं बोलून त्यांना धाप लागली. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. मग त्या मुलीकडे वळल्या. “ताई, तुम्हाला काही सांगायचंय आप्पांना?”

मुलीने तोंड उघडलं. आप्पा तिच्याकडे पाहत होते. जन्मात पहिल्यांदाच ते तिच्यासाठी थांबले होते. बाईही थांबल्या. बाहेर पुढच्या रुग्णाचं नाव पुकारलं गेलं.

तिने हळूच आप्पांची बाही ओढली. तुम्हीच सांगा.