ताट रिकामं पाठवू नये

गच्चीच्या कठड्यावरून शेजारीण रावयाने ताटभर अंडी पुढे केली, तशी इन्साफखालाच्या कपाळाला आठी पडली.

“आज नाईल उलटी वाहतेय वाटतं!”

“घ्या हो खाला, कोंबड्यांनी चिक्कार घातलीत.”

घरात येऊन खालाने एक अंडं हुंगलं. पिसांतल्या किडीचं औषध! तिच्याही पेटीत तीच बाटली होती, वास पाठ होता. औषध लावलं की आठवडाभर अंडी खायची नसतात, म्हणून सटवीने आपल्या गळ्यात मारली! खालाने सगळी उकिरड्यात फेकली. पण शेजारणीचं ताट रिकामं कसं धाडणार? तिने आपल्या खुराड्यातली अंडी त्यात भरून दिली. सकाळीच कोंबड्यांना औषध चोळल्यामुळे ती नाहीतरी वायाच जाणार होती.

परत येऊन तिने घाम पुसायला तोंडावरून हात फिरवला. हाताला तोच वास होता.